बारीक झालास, पण बरा आहेस ना?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2013 मध्ये एका 14 वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मूळचा लठ्ठ मुलगा. दोन वर्षांत त्याने जवळपास 40 किलो उतरवले. थकवा, चिडचिड, अभ्यासात लक्ष नाही. तक्रारी वाढत गेल्या, पण पोरगा उपासमारीने आजारी आहे हे कळायला फार उशीर झाला. जाड मुलाचं वजन घटतंय म्हटल्यावर घाबरायचं कोणी?

हाच मुलगा मीरा रोडच्या शांती नगरात असता, तर सोसायटीने त्याचा सत्कार केला असता!

आपल्याकडे हे कसं घडतं, बघा. वर्गात कोणी ‘ढब्बू’ म्हणतं, घरी आत्या भात वाढताना हात आखडता घेते. पोरगी डबा न उघडताच परत आणते. शाळेतून थेट क्लास. तो सुटेपर्यंत पोटात आगडोंब. मग भाईंदर स्टेशनबाहेर लागोपाठ तीन वडापाव, रात्री सगळे झोपल्यावर फरसाणचा डबा रिकामा. सकाळी स्वतःचीच शरम, आणि पुन्हा उपास.

याला हावरटपणा म्हणणं अन्याय आहे. उपाशी शरीरात चरबीतून येणारं लेप्टिन घटतं, जठरातलं घ्रेलिन वाढतं आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागू लागतो. 1944-45 मध्ये मिनेसोटात एका प्रयोगासाठी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. अन्न मोकळं झाल्यावर त्यांतल्या काहींना पोट फुटेस्तोवर खाऊनही थांबता येईना.

म्हणजे लठ्ठपणावर उपचारच नकोत? तसं नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखालच्या उपचारांनी खाण्याच्या विकारांचा धोका उलट कमी होतो, असं 2019 मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. घात करतं ते रील बघून सुरू केलेलं डाएट आणि घरातली टोमणेबाजी.

पाळी थांबली की आपण लगेच ‘पीसीओडी’ म्हणून मोकळे होतो. मुलगी जेवते का, हेही विचारा. चक्कर, गार पडणारे हात, मंद नाडी, जेवणानंतर लगेच बाथरूम, झपाट्याने उतरणारं वजन यांतलं काही दिसलं, तर वजनकाटा काहीही सांगो, बालरोगतज्ज्ञांना गाठा. मनाचा भार बोलायला ‘टेलि-मानस’ आहे: 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही.