अतितेजस्वी सुपरनोव्हा: वर्णपटाने उकललेले कोडे

दिल्ली ते पालोमार

श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, बालपण हुबळीत गेले. दिल्लीच्या आयआयटीतून 1978 मध्ये उपयोजित भौतिकीची एमएस पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. आकाशात अचानक उजळणारे ठिपके टिपणारी ‘पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी’ ही मोहीम 2009 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांच्याच नेतृत्वाखाली सुरू झाली.

ठिपका जवळचा की दूरचा?

हबल दुर्बिणीला 2006 मध्ये एक विचित्र ठिपका दिसला होता: एससीपी 06एफ6. त्याच्या वर्णपटातले रुंद काळे पट्टे कोणालाच ओळखता येईनात. तो आपल्याच आकाशगंगेतला आहे की अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडचा, यावरही एकमत नव्हते. नुसत्या फोटोवरून हे ठरत नाही. जवळचा मंद दिवा आणि दूरचा प्रखर दिवा सारखेच दिसतात. अंतर कळेपर्यंत ‘तेजस्वी’ या विशेषणाला काही अर्थ नाही.

बारीक रेषांची साक्ष

पालोमारला तसेच चार ठिपके सापडले. त्यांच्या वर्णपटांत रुंद पट्ट्यांबरोबर मॅग्नेशियमच्या अगदी बारीक शोषणरेषाही होत्या. स्फोटातला वायू सेकंदाला सुमारे 10,000 किलोमीटर वेगाने फेकला जातो, म्हणून त्याच्या रेषा फिसकटून रुंद होतात. बारीक रेषा उमटवतो तो यजमान दीर्घिकेतला शांत वायू. प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची ही जोडरेषा 280 नॅनोमीटरच्या आसपास असते. चौघांपैकी एकात ती 420च्या जवळ होती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबी दीडपट ताणलेली. या ताम्रसृतीवरून अंतर मिळाले.

मग ताण वजा करून वर्णपट एकमेकांशेजारी ठेवले, तर 2006चा ठिपका आणि टेक्सासहून दिसलेला 2005चा एक सुपरनोव्हाही त्याच कुळातले निघाले! रॉबर्ट क्विम्बी, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांचा हा निबंध 2011 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. नेहमीच्या सुपरनोव्हापेक्षा दहापट आणि त्याहूनही जास्त तेजस्वी असे हे स्फोट होते.

काय दिसले, काय नाही

ते रुंद पट्टे मुख्यतः एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचे होते. म्हणजे वायू कमालीचा तप्त. हायड्रोजनचा मात्र मागमूस नव्हता, कारण ताऱ्याने बाहेरचे आवरण स्फोटाआधीच गमावले होते.

ऊर्जा कुठून?

अनेक सुपरनोव्हा किरणोत्सारी निकेलवर उजळतात. इथे त्या हिशेबाने इतके निकेल लागेल, की तेज इतक्या लवकर उतरायलाच नको. आज पसंतीचा उमेदवार आहे मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा, वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. नैनितालच्या एरीज संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2020च्या लॉकडाउनमध्येही देवस्थळच्या 3.6 मीटर दुर्बिणीतून एसएन 2020एएनके या झपाट्याने बदलणाऱ्या स्फोटाचा मागोवा घेतला, आणि त्यांचाही कल मॅग्नेटारकडेच गेला.

मॅग्नेटार थेट दिसत नाही. काही महिन्यांनी वायू विरळ झाला, की आतला भाग उघडा पडतो आणि काळ्या पट्ट्यांऐवजी ऑक्सिजनच्या चमकत्या रेषा येतात. ठिपका तोवर पार मंदावलेला असतो, तरी खरी धडपड त्याच वर्णपटासाठी चालते.