जिलेटिनविरहित फळवड्या : पाकविचार, कृती आणि पथ्यापथ्य

बालरुग्णास औषध देणे ही चिकित्सेतील एक स्वतंत्र कला आहे. निदान अचूक असते, योजना योग्य असते. परंतु चाटण जिभेला लागताच बालक ओठ घट्ट मिटून घेते आणि सारा खटाटोप तेथेच थांबतो. यावर तोडगा म्हणून चघळून खाण्याच्या मऊ, रंगीत गोळ्यांचा, म्हणजे बाजारात ज्यांना ‘गमी’ म्हणतात त्यांचा, प्रसार वाढला आहे. औषधालयांच्या काउंटरवर त्या आता सर्रास दिसतात.

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते आमच्याच एका चुकीमुळे. पाच वर्षांच्या एका अशक्त बालकासाठी आम्ही अशा गोळ्या घेण्यास सुचविले. कुटुंब जैन होते. आठ दिवसांनी बालकाच्या मातोश्री परत आल्या, त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि एवढेच विचारले, “डॉक्टर, हे आपण वाचलं होतं का?” घटकद्रव्यांच्या यादीत जिलेटिन होते व मांसाहाराची खूणही स्पष्ट होती. आम्ही नाव आणि मात्रा पाहिली होती. खूण पाहिली नव्हती. त्या माउली रागावल्या नाहीत, परंतु वैद्यावरील विश्वासाला तडा गेला हे आम्हांस कळून चुकले. ‘याला पर्याय काय?’ या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते वैद्यबंधू-भगिनी व औषधालयचालक यांच्यासमोर ठेवीत आहोत.

जिलेटिन आणि पेक्टिन

जिलेटिन हे प्राण्यांची कातडी व हाडे यांतील कोलॅजेनपासून मिळणारे प्रथिन होय. कॅप्सूलच्या आवरणामुळे औषधालयचालकांना ते परिचित आहेच. त्याचा मुख्य गुण असा की, ते शरीराच्या उष्णतेच्या जवळपास वितळते. म्हणून गोळी प्रथम लवचिक लागते व नंतर तोंडात विरघळते.

फळांतील पेक्टिन हे प्रथिन नसून वनस्पतींच्या पेशीभित्तिकांत असणारी शर्करावर्गीय द्रव्याची लांब साखळी आहे. ते घट्ट होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : पुरेसे पेक्टिन, पुरेशी आम्लता आणि पुरेशी साखर. साखर पाणी धरून ठेवते, आम्लता साखळ्यांमधील परस्पर अपकर्षण कमी करते, त्यामुळे साखळ्या जवळ येऊन जाळे बनते. तिन्हींपैकी एक कमी पडले की वडी बसत नाही. ‘साखर निम्मी केली तर चालेल का?’ असे अनेक जण विचारतात. या पद्धतीत चालत नाही. गूळ वापरल्यास तो हवेतील ओलावा ओढून घेतो व पावसाळ्यात वड्या चिकट होतात.

पेरू, आवळा, सफरचंद, कवठ ही पेक्टिनयुक्त फळे आहेत. आवळ्यात पेक्टिनबरोबर आम्लताही विपुल असल्याने तो या कामी विशेष उपयुक्त ठरतो.

हे काही नवे शास्त्र नव्हे. गोव्यात नाताळच्या सुमारास होणारी पेरूची पेराद, कोकणातील आंबापोळी व फणसपोळी हे जिलेटिनविरहित चिवट खाऊचेच प्रकार आहेत. पेरादीत पेक्टिनचा पाक बसतो. पोळीत गरातील पाणी उन्हाने आटते. आमच्या कृतीत या दोन्ही क्रियांचा मेळ आहे.

पेरू-आवळा वडी

साहित्य : पिकलेल्या परंतु टणक पेरूचा गाळलेला गर ४०० ग्रॅम, आवळ्याचा गाळलेला गर २०० ग्रॅम, साखर ४५० ग्रॅम, सुंठीचे वस्त्रगाळ चूर्ण ३ ग्रॅम, वेलदोड्याची पूड २ ग्रॅम, लिंबाचा रस दोन चमचे, ताटाला लावण्यापुरते तूप.

काही जैन कुटुंबांत पेरू बहुबीज म्हणून वर्ज्य मानतात. तेथे सफरचंदाचा गर घ्यावा. सुंठ चालते का, हेही आधी विचारून घ्यावे.

कृती : फळे वाफवून, बिया काढून गर चाळणीतून गाळावा. जाड बुडाचे स्टीलचे किंवा कल्हई केलेले पातेले वापरावे. लोखंडाच्या कढईत आवळ्यातील कषाय द्रव्यांमुळे गर काळा पडतो. गर प्रथम मध्यम आचेवर दहा मिनिटे आटवावा, मग साखर घालावी व सतत ढवळावे. मिश्रण दाट झाले की ते उडते, म्हणून लांब दांड्याचा उलथणा हाती असावा. पाक जवळ आल्यावर चूर्णे घालावीत. लिंबाचा रस अगदी शेवटी घालावा, कारण आम्लात दीर्घकाळ उकळल्यास पेक्टिन तुटते. तूप लावलेल्या सुमारे २५ × २० सें.मी. ताटात एक सें.मी. जाडीचा थर ओतून रात्रभर झाकून ठेवावा. सकाळी वड्या कापून, मलमलीच्या कापडाखाली पंख्याच्या वाऱ्यावर एक ते दोन दिवस, मध्ये एकदा उलटून, सुकवाव्यात. साधारण ७०० ग्रॅम, म्हणजे सात ग्रॅमच्या शंभर वड्या होतात.

पाकपरीक्षा

येथे शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडातील अवलेह प्रकरण थेट मार्गदर्शक ठरते. तंतू सुटणे, पाण्यात टाकल्यास बुडून न पसरणे, दाबल्यास बोटाची मुद्रा उमटणे ही लक्षणे आपण सर्वांनी पाठ केली आहेत. तीच या वडीलाही लागू पडतात. बुडाला उलथण्याने रेघ ओढल्यास ती क्षणभर तशीच राहावी व गोळा कडा सोडू लागावा. तापमापी असल्यास आपल्या गावच्या उकळत्या पाण्यापेक्षा सात ते आठ अंश सेल्सिअस अधिक, ही खूण धरावी. ‘अमुक अंश’ असा ठोकळा उपयोगी नाही, कारण पुण्यात पाणी मुंबईपेक्षा सुमारे दोन अंश कमी तापमानास उकळते. पाक मृदू राहिला तर वडी ओली राहते, खर झाला तर दातांना त्रास होतो.

अगरची वडी

कोकम, द्राक्षे अशा पातळ रसांसाठी अगर, म्हणजे चायना ग्रास, वापरता येते. हे तांबड्या सागरी शेवाळापासून मिळते. ५०० मि.लि. द्रवास सुमारे ८ ग्रॅम अगरपूड घ्यावी. ती साध्या पाण्यात दोन-तीन मिनिटे खळखळ उकळावी व आंबट रस नंतर मिसळावा. आम्लात उकळल्यास अगरची पकड कमी होते. मात्र अगरची वडी चिवट नसते, ती कटकन तुटते. थोडा चिवटपणा हवा असल्यास दोन-तीन दिवस सुकवणे आवश्यक. अगर गोठण्यासाठी साखर लागत नाही, हा तिचा लाभ. परंतु कमी साखरेची वडी टिकत नाही. ती शीतकपाटात ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी.

आमचे अपयश

पहिला घाणा आम्ही श्रावणात केला. साच्यात ओतून, न सुकवताच काचेच्या बरणीत भरला. नवव्या दिवशी बरणीत पांढरी बुरशी होती. वरची बुरशी काढून उरलेला भाग वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, सर्व घाणा टाकून द्यावा. दुसऱ्या वेळी कुणाच्या तरी सूचनेवरून साखरेऐवजी मध घालण्याचा विचार होता. मधास अग्निसंस्कार वर्ज्य आहे हे आपण जाणतोच. शिवाय जैन कुटुंबांत मध निषिद्ध, आणि एक वर्षाखालील बालकास तो देऊच नये. म्हणून तो विचार सोडला.

मात्रा व पथ्यापथ्य

वडीत औषध घालावे का? आमचे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. घरगुती मिश्रणात प्रत्येक वडीत द्रव्य समप्रमाणात उतरेल याची खात्री नसते. आणि खाऊसारखे दिसणारे औषध मूल बरणीभर खाऊ शकते. औषध वेगळे द्यावे व त्यानंतर वडी द्यावी. वडी हा औषधाचा पर्याय नसून औषध घेतल्याचा आनंद आहे.

एका वडीत सुमारे साडेचार ग्रॅम साखर घातलेली असते. चार वड्या म्हणजे अठरा ग्रॅम. म्हणून दिवसाला एक, फार तर दोन. वडी गुरू व कफकर असल्याने कास, प्रतिश्याय, स्थौल्य, अग्निमांद्य आणि मधुमेह यांत ती वर्ज्य करावी. ती दातांना चिकटते, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरणे आवश्यक. झोपताना देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे असे : पेक्टिन व अगर शरीराच्या उष्णतेने वितळत नाहीत. जी गोष्ट आपण शाकाहाराच्या दृष्टीने गुण मानतो, तीच वडी घशात अडकल्यास घातक ठरते. छोट्या कपातून ओढून गिळण्याच्या जेलीमुळे गुदमरण्याचा धोका लक्षात घेऊन युरोपीय संघाने २००४ साली अशा जेलीची विक्री थांबविली होती. म्हणून चार वर्षांखालील बालकास वडी देऊच नये. मोठ्यांनाही ती पातळ पट्टीच्या आकारात, बसवून, आपल्या देखत द्यावी.

औषधालयचालकांसाठी

वैद्याने स्वतःच्या रुग्णांकरिता औषध तयार करण्यास १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सवलत आहे. परंतु ती काउंटरवरील सर्वसाधारण विक्रीस लागू होत नाही. रोगनाशाचा दावा करून विकावयाचे असल्यास उत्पादन परवाना हवा. खाऊ म्हणून विकावयाचे असल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना हवा. ‘आयुर्वेद आहार’ या नावासाठी २०२२ पासून स्वतंत्र विनियम आहेत. आणि बाहेरचा माल ठेवताना एकच सवय लावून घ्यावी : बाटली फळीवर मांडण्यापूर्वी मागील बाजू वाचावी.

त्या बालकाच्या घरी आता सफरचंद-आवळ्याची वडी होते. मातोश्रींनी ती करण्यापूर्वी प्रत्येक घटकाची चौकशी आमच्याकडे केली आणि या वेळी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले. आपापल्या प्रांतातील फळांवर, विशेषतः कवठ व करवंद यांवर, कोणी प्रयोग केले असल्यास पाकाच्या लक्षणांसह अवश्य कळवावे.