खाकी आहे, पगार नाही

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरकडे पायी निघालेली गर्दी तामलवाडीवरून जाते. बंदोबस्ताला खाकीत उभे असलेले सगळेच पोलीस नसतात. त्यांत होमगार्डही असतात. मुंबई होमगार्ड अधिनियम, 1947 नुसार ते स्वयंसेवक. बोलावणे आले की अंगावर पोलिसांसारखे अधिकार, काम संपले की पुन्हा शेत नाहीतर दुकान. आग असो, पूर असो की यात्रा, पगार नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. मिळतो तो कर्तव्य भत्ता, तोही कामावरच्या दिवसांपुरता.

हिमाचल प्रदेशातील होमगार्डांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 मार्च 2015 रोजी सेवेत कायम करण्याची मागणी नाकारली. पण तीस दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरला पाहिजे, असे बजावले. महाराष्ट्रात रोजचा भत्ता 570 वरून 1,083 रुपये व्हायला 2024 उजाडले. उशीरच म्हणायचा!

आणि कडब्याची गंज पेटल्यावर मोटार चालू करून पाइप ओढत धावणारा शेजारी? तो होमगार्ड नसेल, तर हा भत्ता त्याच्यासाठी नाही. होमगार्ड व्हायचे असेल, तर वय 20 ते 50 आणि किमान दहावी उत्तीर्ण हवे. जिल्ह्याच्या भरतीवर लक्ष ठेवा.