जोरात मारणाऱ्यापुढे काय करायचं?

आमच्या बाबांनी बॅडमिंटन सोडलं त्याला सहा वर्षं झाली. कारण गुडघा. 'उड्या बंद करा' असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांची रॅकेट कपाटावर गेली ती गेलीच. मागच्या वर्षी टिळकवाडीत आमच्या घराजवळच्या हॉलमध्ये पिकलबॉल सुरू झाला. मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. पहिल्या आठवड्यातच ते माझ्याआधी बूट घालून दारात उभे राहायला लागले. घरात एवढा उत्साह आम्ही बऱ्याच दिवसांनी बघत होतो.

मग एका शनिवारी दोन तरुण मुलं आली. येईल तो बॉल सगळी ताकद लावून मारायची, आणि तोही बाबांच्याच अंगावर. आम्ही 11-2 ने हरलो. एक बॉल तर बाबांच्या चष्म्यावर लागला. घरी येताना ते म्हणाले, "ती पोरं खेळायली नाहीत गं, मारायलीत. उद्यापासून तू जा, मी काय येत नाही."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितेय. बाबांचा खेळ दुसऱ्यांदा सुटू नये म्हणून मी जे शिकले, ते तुमच्यापैकी कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी खेळाची थोडी ओळख. पिकलबॉल 1965 साली अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जन्मला. जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांना सुट्टीत बॅडमिंटन खेळायचं होतं, पण सामान पुरेसं सापडलं नाही. मग जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच टेबल टेनिससारख्या फळ्या आणि भोकांचा प्लॅस्टिकचा बॉल घेऊन खेळ सुरू झाला. म्हणून आजही कोर्टाचं माप बॅडमिंटन डबल्सचंच आहे, 20 फूट बाय 44 फूट. नेट मात्र खाली, कडेला 36 इंच आणि मधोमध 34 इंच. भारतात हा खेळ रुजवण्यात मुंबईच्या सुनील वालावलकरांचा मोठा वाटा आहे.

नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा एक पट्टा असतो. त्याला 'किचन' म्हणतात. त्यात उभं राहून हवेतला बॉल मारता येत नाही. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले होते, "म्हणजे इथंपण स्वयंपाकघरात लुडबुड करायची नाही." सर्व्हिस खालून करायची, आणि सर्व्हिसचा बॉल व त्याचा परतीचा बॉल दोन्ही एकदा टप्पा पडल्याशिवाय मारायचे नाहीत. थोडक्यात, हा खेळ नुसत्या ताकदीवर चालू नये असेच त्याचे नियम आहेत.

मग जोरात मारणारे जिंकतात कसे? वेळेमुळे. दोघंही किचनच्या रेषेवर उभे असतील तर मध्ये फक्त 14 फूट अंतर असतं. ताशी साठ किलोमीटरने आलेला बॉल ते साधारण पाव सेकंदात कापतो. तेवढ्यात पॅडल मागे नेऊन फटका मारायला जाल तर बॉल छातीवर येऊन आदळलेला असतो.

मी सुरुवातीला दोन चुका केल्या. एक, जोराला जोराने उत्तर द्यायला गेले. माझे निम्मे बॉल नेटमध्ये आणि उरलेले भिंतीवर. दुसरी चूक जास्त वाईट. बाबांना लागू नये म्हणून मी त्यांच्या पुढ्यात जाऊन त्यांचेही बॉल घ्यायला लागले. एकदा ते हळूच म्हणाले, "माझे बॉल मला घेऊ दे की." मला वाटत होतं मी त्यांना वाचवतेय. त्यांना वाटत होतं, आता आपण खेळण्यातूनच बाद झालो.

हॉलवर रोज येणाऱ्या एक काकू आहेत. पन्नाशीच्या पुढच्या, धावत तर अजिबात नाहीत. पण तीच दोन मुलं त्यांच्यासमोर हरायची. मी त्यांना विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तू त्यांना मारायला देतेस म्हणून ते मारायलेत." सगळं गणित या एका वाक्यात आहे. त्यांच्याकडून शिकलेल्या गोष्टी अशा:

पहिली, बॉल उंच द्यायचा नाही. नेटच्या वर उसळलेला बॉल मिळाला तरच वरून खाली हाणता येतो. बॉल नेटपेक्षा खाली, पायाशी पडला तर तो उचलूनच मारावा लागतो. म्हणून संधी मिळाली की बॉल हळूच किचनमध्ये टाकायचा. शक्यतो मधोमध टाकायचा, कारण तिथे नेट दोन इंच खाली आहे आणि हा तुझा की माझा, असा समोरच्या दोघांचा गोंधळही होतो.

दुसरी, त्यांना मागे ठेवायचं. सर्व्हिस आणि परतीचा बॉल खोल, बेसलाइनजवळ टाकायचा आणि आपण मात्र पुढे किचनच्या रेषेवर जायचं. तिथून आमच्यापर्यंत 29 फूट. म्हणजे तोच फटका, पण वेळ दुप्पट. शिवाय जेमतेम 22 ते 26 ग्रॅमचा भोकांचा बॉल हवेत लवकर मंदावतो, तो फायदा वेगळाच.

तिसरी, पॅडल छातीसमोर धरायचं आणि मूठ सैल ठेवायची. जोराचा बॉल आला की फटका मारायचाच नाही, नुसतं पॅडल आडवं घालायचं. जोर त्यांनी दिलेलाच असतो. मूठ घट्ट असेल तर बॉल टणकन उडून पुन्हा त्यांच्या सोयीच्या उंचीवर जातो. मूठ सैल असेल तर तो नेटच्या पलीकडे मरून पडतो. अंगावर आलेला बॉल शक्यतो बॅकहँडने अडवायचा, कारण फोरहँडने घ्यायला गेलं की कोपर अंगात अडकतं.

चौथी गोष्ट ऐकायला सगळ्यात सोपी आणि करायला सगळ्यात अवघड: सोडून द्यायचं. नेटच्या खालून जोरात मारलेला बॉल वर चढतच येतो. आपण किचनच्या रेषेवर असताना असा बॉल खांद्याच्या उंचीवर आला, तर तो बहुतेक वेळा बाहेरच जाणार असतो. आम्ही मात्र असे सगळे बॉल अडवून त्यांना गुण वाटत होतो. पण सोडायचं म्हणजे बाजूला व्हायचं. टप्पा पडायच्या आधी बॉल अंगाला लागला तर आपलीच चूक धरतात, अगदी तो बाहेर जाणारा असला तरी. म्हणजे अंगावर मारणं नियमाला धरूनच आहे. त्या मुलांवर रागावून काही उपयोग नव्हता.

आणि एक पाचवी, जी मी बाबांना पहिल्यांदा दिली: डोळ्यांचा संरक्षक गॉगल. चष्म्यावर बसतो, फार महाग नसतो. तो घातल्यावर त्यांचं दचकून डोळे मिटणं जवळजवळ थांबलं. भीती असेल तर मूठ सैल राहत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पंधरा दिवस आम्ही गच्चीवर सराव केला. मी जोरात मारायची आणि बाबांनी नुसतं अडवायचं. खाली आईची ओरड, "गच्ची पाडताय का काय!" 'सोड!' म्हणून ओरडायचं काम माझं, कारण माझी नजर जास्त लवकर काम करते. पण बाबांचा बॉल तो बाबांचाच, हेही ठरलं.

मग पुन्हा त्याच मुलांशी सामना झाला. बाबांनी एकामागून एक तीन बॉल सोडले, तिन्ही बाहेर. चौथ्या वेळी समोरच्या मुलाने हात आखडला आणि बॉल नेटमध्ये गेला. आम्ही 11-9 ने हरलो. हो, हरलोच. पण सामना संपल्यावर त्यातला एक मुलगा बाबांना म्हणाला, "काका, ते हळू टाकायचं मला पण दाखवा की." बाबा त्याच्याबरोबर अर्धा तास उभे होते. मी बाकावर बसून त्यांची वाट बघत होते.

आपल्या कॉलेजच्या हॉलमध्ये बॅडमिंटनच्या रेषा आहेतच. नेट खाली घ्यायचं आणि किचनसाठी वेगळी टेप मारायची, एवढंच काम. बॅडमिंटनची पुढची रेषा नेटपासून साडेसहा फुटांवर असते, आपल्याला सात हवेत. अर्ध्या फुटाचा फरक आहे, तेवढा विसरू नका. कुणाला जोडीदार हवा असेल तर सांगा. शनिवारी मी मोकळी नसते, त्या दिवशी बाबांबरोबर खेळायचं असतं.