पोराला डर्ट बाईक घेताय? ‘वाढत्या अंगाची’ घेऊ नका

शाळेचा शर्ट दोन बोटं मोठा घ्यायचा, बूट एक नंबर पुढचे घ्यायचे, सायकलसुद्धा वरच्या मापाची. पोरगं वाढत्या अंगाचं आहे, दोन वर्षं तरी पुरलं पाहिजे, हा हिशोब गावाकडच्या बहुतेक घरांत चालतो आणि त्यात चूक काही नाही. मोठा शर्ट घातल्याने कुणाचा हात मोडत नाही. पण हाच हिशोब डर्ट बाईकला लावला, तर हात मोडायला पहिला आठवडासुद्धा पुरतो.

हा विषय आता शहरापुरता राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. नाशिकला तर मातीतल्या शर्यती जुन्याच. त्याच २०२४ च्या जानेवारीत केरळच्या हरित नोआने डकार रॅलीत आपला गट जिंकला आणि एकूण क्रमवारीत अकरावा आला. ऐश्वर्या पिसे हिने २०१९ मध्ये महिलांचा बाहा विश्वचषक जिंकला, त्यामुळे हा हट्ट आता फक्त पोरंच धरत नाहीत. मोबाईलवर उड्या बघून झाल्या की पोरगं बापाला विचारतं, ‘आपलं एवढं रान आहे, मग मला का नाही?’ ऊस, द्राक्षं किंवा कांद्याचे चार पैसे हातात आले असतील तर बापही विचार करायला लागतो.

डर्ट बाईक म्हणजे फक्त माती-खडकावर चालवायला केलेली गाडी. उंच सस्पेन्शन, खोल खाचांचे टायर, वजन कमी. दिवा, इंडिकेटर, आरसा, हॉर्न, नंबरप्लेट यातलं काही नसतं. खेळासाठी केलेल्या अशा गाडीची आरटीओत नोंदणी होत नाही आणि रस्त्यावरच्या गाडीसारखा विमाही उतरत नाही. एक्सपल्ससारख्या नंबरप्लेट मिळणाऱ्या गाड्या वेगळ्या. त्या अठरा पूर्ण झालेल्या, लायसन्स असलेल्या पोरासाठी. दीडशे किलोच्या पुढचं वजन आणि ८२ सेंटीमीटरच्या वर सीट असलेली ती गाडी बारा वर्षांच्या पोराखाली देण्यासारखी नाही.

गाडी निवडताना वय विचारून फारसं कळत नाही. चौथीतली दोन पोरं शेजारी उभी केली तरी उंचीत वीतभर फरक असतो. पोराला भिंतीला पाठ लावून उभं करायचं आणि जांघेपासून टाचेपर्यंत टेप लावायची. सीटची उंची या मापाच्या आसपास किंवा त्याहून कमी असावी. गाडीवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. एका बाजूला झुकून एक पाय टेकतोय, म्हणजे गाडी मोठी झाली. अनुभवी स्वार उंच गाडी एका पायावर सांभाळतो. नवख्याला ते जमत नाही, आणि न जमल्याची भीती मनात बसली की पोरगं गाडीच सोडतं.

दुसरी परीक्षा वजनाची. गाडी आडवी पाडायची आणि पोराला ती एकट्याने, निदान थोडी मदत घेऊन उभी करता येते का ते बघायचं. शिकताना गाडी दिवसातून दहादा पडणारच आहे. अंगावर पडली तर खालून पाय काढता आला पाहिजे, कारण सायलेन्सर तापलेला असतो आणि बाप मदतीला धावेपर्यंत पोटरी भाजलेली असते.

मोठी गाडी नेमकी का धोक्याची, यामागे एक साधी गोष्ट आहे. नवखं पोरगं ॲक्सिलरेटर जरा जास्त पिळतं, गाडी झटक्याने पुढे जाते, अंग मागे फेकलं जातं. पडू नये म्हणून पोरगं हँडल आणखी घट्ट धरतं. अंग मागे जाताना मनगटही मागे वळतं, आणि मनगट मागे वळलं की ॲक्सिलरेटर आणखी उघडतो. गाडी जितकी पळते तितकं मनगट वळतं आणि मनगट वळेल तितकी गाडी पळते. ‘सोड, सोड’ असं ओरडून उपयोग नसतो, त्या क्षणी पोराला ते ऐकू येत नाही. पन्नास सीसीच्या लहान गाडीत हा प्रकार दहा-पंधरा फुटांत मातीत आडवा होऊन संपतो. ताकदीच्या गाडीत तो बांधावर, झाडावर किंवा विहिरीत जाऊन संपतो.

म्हणून पहिल्या गाडीत दोन सोयी आहेत का हे आधी विचारायचं. एक, ॲक्सिलरेटरजवळचा स्क्रू. तो आत फिरवला की ॲक्सिलरेटर ठरावीक मर्यादेपुढे उघडतच नाही. पोराचा हात बसत जाईल तसा बाप तो थोडा थोडा ढिला करतो. दुसरी, मनगटाला बांधायची दोरी. पोरगं गाडीवरून फेकलं गेलं की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. ही दोरी बाहेरून आणून लहान गाड्यांना बसवताही येते.

आता गाड्यांकडे वळू. यामाहाची पीडब्ल्यू ५० ही लहानग्यांची जगभर जुनी, नावाजलेली गाडी. सीट जमिनीपासून सुमारे ४८ सेंटीमीटर, वजन चाळीस किलोच्या आसपास. गिअर नाही, क्लच नाही, दोन्ही ब्रेक सायकलसारखे हाताशी, आणि ॲक्सिलरेटरचा स्क्रू कंपनीचाच. सायकलची बाजूची चाकं काढून झालेल्या सहा-सात वर्षांच्या पोराला ती पुरते. त्यापुढची होंडाची सीआरएफ ५०, सीट ५५ सेंटीमीटरच्या आसपास. तिला तीन गिअर आहेत पण क्लच आपोआप चालतो. नऊ-दहा वर्षांच्या पोरासाठी याच पद्धतीच्या ११० सीसीच्या गाड्या येतात, सीट ६७ सेंटीमीटरच्या जवळपास आणि वजन सत्तर ते ऐंशी किलोच्या घरात. पायाने गिअर टाकायची सवय लागते आणि क्लचची भानगड पुढच्या गाडीवर ढकलता येते. अडचण अशी, की यातल्या बऱ्याच गाड्या आपल्या तालुक्याच्या शोरूममध्ये दिसत नाहीत. मोठ्या शहरांतून बहुधा जुन्या, आयात केलेल्या मिळतात. घेताना बिल आणि आयातीचे कागद मागायचे. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

भारतात अधिकृतपणे मिळणाऱ्या लहान गाड्यांत कावासाकीची केएक्स ६५ आणि केटीएमची ५० एसएक्स, ६५ एसएक्स ही नावं पुढे येतात. किंमत लाखांत, तीनच्या पुढेच. पण खरं बोलायचं तर या शर्यतीच्या गाड्या आहेत. केएक्स ६५ ला सहा गिअर, हाताचा क्लच आणि ७६ सेंटीमीटरची सीट. तिची ताकद इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत एकदम अंगावर येते. दोन-तीन वर्षं चालवलेल्या, शर्यतीत उतरणाऱ्या पोराला ती शोभते. पहिली गाडी म्हणून नको. विजेवरच्या लहान डर्ट बाईकही आता येऊ लागल्या आहेत. आवाज नाही, सायलेन्सरचा चटका नाही, वेगाची मर्यादा बापाच्या हातात. अगदी लहान पोरासाठी हा पर्याय तपासण्यासारखा आहे. बॅटरी बदलायला काय पडेल, ते मात्र आधीच विचारून ठेवावं.

ऑनलाईन मिळणाऱ्या, दोरी ओढून सुरू होणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या ४९ सीसी गाड्या स्वस्त असतात म्हणून बऱ्याच घरांत येतात. घेऊच नये असं नाही, पण पहिल्या दिवशी गावातल्या मेकॅनिककडून सगळे नटबोल्ट, ब्रेकची वायर, चेन आणि फुटरेस्टचं वेल्डिंग तपासून घेतल्याशिवाय पोराला बसवू नये. चेनला कव्हर नसेल तर पत्र्याचं करून घ्यावं. लहान बोटं तिथेच जातात.

आणि जुगाड. जुन्या स्प्लेंडरचे मडगार्ड काढायचे, सायलेन्सर कापायचा, मागे ट्रॅक्टरसारखा टायर घालायचा, झाली डर्ट बाईक. स्प्लेंडर ११२ किलोची गाडी आहे, सीट साडेअठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर. कापलेल्या पत्र्याच्या कडा तशाच उघड्या राहतात, सस्पेन्शन उड्यांसाठी केलेलं नसतं. दहा वर्षांच्या पोरासाठी यात काहीच मापाचं नाही.

कायद्याबद्दल गावात मोठा गैरसमज आहे. ‘आपल्या शिवारात कोण अडवतंय?’ असं म्हटलं जातं. स्वतःच्या, कुंपणातल्या रानात मोटार वाहन कायद्याचा परवान्याचा प्रश्न येत नाही हे खरं. पण कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कुठलीही जागा. मग ती डांबरी असो नसो. त्यामुळे पाणंद, शिवरस्ता, गायरान, यात्रेचं मैदान या जागा आपलं रान म्हणून धरता येत नाहीत. एका रानातून दुसऱ्या रानात जाताना पाणंद ओलांडायची असेल तर गाडी बंद करून ढकलत न्यायची, नाहीतर टेम्पोत टाकायची.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन पोराने सार्वजनिक जागी गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. त्या पोराला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरतंच आहे. जाता जाता, दूध घालायला पोरं जी एक्सएल हंड्रेड पळवतात तिचं इंजिन नावाप्रमाणेच जवळपास शंभर सीसीचं आहे. तीही त्यात बसत नाही.

कायद्यापेक्षाही रानच जास्त नीट बघावं लागतं. परदेशातल्या व्हिडिओत मोकळी माळरानं दिसतात. आपल्या रानात कठडा नसलेली विहीर असते, शेततळं असतं, बोअरची उघडी केसिंग, ठिबकच्या नळ्या, डुकरांसाठी ओढलेली तार. यातलं शेततळं सगळ्यात फसवं. बांधावरून चढ चढून गाडी थेट प्लास्टिकच्या कागदावर जाते. त्या कागदावर पाय ठरत नाही, पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही धरायला काही नसलं तर बाहेर येणं अवघड होतं. अंगावर बूट, चेस्टगार्ड आणि हेल्मेट असलेल्या पोराचं काय होईल? म्हणून ज्या तुकड्यात विहीर किंवा शेततळं आहे, त्यात गाडी नकोच. दुसरा तुकडा नसेल तर आधी जाळीचं पक्कं कुंपण, तळ्यात गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब, मग गाडी.

शिकायला मुरमाड, सपाट, पीक निघालेलं रान चांगलं. नांगरलेल्या ढेकळात पुढचं चाक वळतं, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते नाहीतर घसरते. बांधाच्या दगडांपासून लांब, चुना टाकून एक लांबट गोल आखून द्यावा. तार ओढलेली असेल तर तिला रंगीत चिंध्या बांधाव्यात. पोराच्या गळ्याच्या उंचीची तार लांबून दिसत नाही.

खर्चाचं म्हणाल तर गाडीच्या आधी हेल्मेट. पूर्ण तोंड झाकणारं, पोराच्या डोक्याच्या मापाचं. इथेही ‘वाढत्या अंगाचं’ नको. हेल्मेट घालून मान हलवली आणि ते डोक्यावर फिरलं, तर पडताना ते जागेवर राहणार नाही. मोठ्या माणसाचं जड हेल्मेट पोराच्या मानेवर ओझं टाकतं. सोबत गॉगल, हातमोजे, गुडघ्या-कोपराचे गार्ड, छातीचं कवच आणि घोट्याच्या वर येणारे बूट. हे सगळं घेऊन उरलेल्या पैशांत गाडी बसत नसेल तर गाडी पुढच्या हंगामाला.

देखभाल शेतकऱ्याला नवीन नाही. टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागतं, अगदी ब्रश कटरसारखं. प्रमाण गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. चाळीसला एक असेल तर लिटरला २५ मिली. पीडब्ल्यू ५० सारख्या काही गाड्यांना ऑईलची टाकी वेगळी असते, तिथे मिसळायचं नाही पण टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. ऑईलशिवाय इंजिन जाम होतं. सर्व्हिस किलोमीटरवर नाही, ट्रॅक्टरसारखी तासांवर. मातीत चालल्यामुळे एअर फिल्टर वरचेवर धुवावा लागतो. पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवावं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं आणि कार्बोरेटर खराब करतं.

पहिल्या दिवशी इंजिन सुरूच करू नये. बापाने मागून ढकलायचं आणि पोराने फक्त ब्रेक दाबून खुणेच्या दगडापाशी थांबायचं, वीस-पंचवीस वेळा. थांबता यायला लागलं की इंजिन, तेही स्क्रू पूर्ण आवळून. कुणीतरी मोठं माणूस समोर उभं असेल तरच गाडी बाहेर निघेल, आणि किल्ली किंवा प्लग कॅप घरातल्या कपाटात राहील, हा नियम पहिल्या दिवसापासून. शर्यतीचं वेड टिकलं तर रस्त्यावर किंवा माळावर लावलेल्या पैजांऐवजी एफएमएससीआयच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांकडे बघावं. तिथे स्पर्धेचं लायसन्स लागतं, गाडी आणि हेल्मेट तपासलं जातं.

दोन उन्हाळे गेले की वळताना पोराचे गुडघे हँडलला लागायला लागतात आणि उभं राहून चालवताना ते पार वाकून जातं. तेव्हा गाडी लहान झाली असं समजावं. चांगल्या ठेवलेल्या लहान गाडीला गिऱ्हाईक मिळतं, कारण दुसऱ्या कुठल्या तरी वस्तीवर एक सात वर्षांचं पोरगं बापाच्या मागे लागलेलंच असतं. विकताना तिच्यासोबत जुनं हेल्मेट मात्र देऊ नये. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतून गेलेलं असतं.