ओ सिस्टर, आधी आमचं बघा!

कॅज्युअल्टीत नंबर आधी येणाऱ्याचा नसतो. तो कुणाचा, हे जिला क्षणात ओळखावं लागतं, तिच्यासोबतची एक रात्र.

'डेडलाइन' हा शब्द आपण ऑफिसात दिवसातून किती वेळा वापरतो! प्रेझेंटेशन अर्धा तास लेट झालं तर बॉस फार तर ओरडतो. कॅज्युअल्टीतल्या नर्सची डेडलाइन असते दहा मिनिटांची. छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं, की दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा, असा जगभरचा दंडक आहे. आणि त्याच दहा मिनिटांत दारातून आणखी चौघं आत आलेले असतात.

हे सगळं जमतं कसं? ते बघायला मी एका शनिवारी मुंबईतल्या एका महापालिका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत रात्रभर बसले.

गप्प बसलेला आधी

ड्युटी सुरू होते ती 'ओव्हर' घेऊन. म्हणजे आधीच्या शिफ्टकडून प्रत्येक पेशंटचा हिशेब: सलाइन कुठलं, किती गेलं, कुणाचा रिपोर्ट यायचाय. मग इमर्जन्सी औषधं मोजायची, ऑक्सिजन तपासायचा, घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतोय ना, बघायचं. "ऐनवेळी दिवा गेला तर काय सांगू, सेल आणायला पाठवलंय?" सिनिअर सिस्टर हसत म्हणाल्या.

साडेदहाला गर्दीचा पहिला लोंढा. बाइकवरून घसरलेला एक पंचविशीतला तरुण, गुडघा फाटलेला. सोबत चार मित्र, चौघंही फोनवर. तापानं फणफणलेलं एक पोर. आणि बाकाच्या टोकाला एक पन्नाशीचे काका. घामाघूम. "ॲसिडिटी आहे हो, त्यांचं होऊ द्या आधी," म्हणत बसलेले.

"ओ सिस्टर, रक्त येतंय, दिसत नाही का?" मित्रांपैकी एक ओरडला. सिस्टरनी गुडघा नीट पाहिला, त्याच्या हातात गॉज दिला, "दाबून धरा" म्हणाल्या आणि वळल्या थेट काकांकडे. ईसीजी निघाला, डॉक्टर धावत आले. हार्ट अटॅक! गुडघ्याला टाके पडले पाऊण तासानं. तोवर सिस्टरच्या नावानं भरपूर शिव्या पडून झाल्या होत्या.

"जो ओरडतोय, त्याचा श्वास चाललाय. मला भीती वाटते गप्प बसलेल्याची," सिस्टर म्हणाल्या. या निवडीलाच 'ट्रायाज' म्हणतात. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकेल, हिरवा म्हणजे चालता-बोलता. कागदावर हे सोपं दिसतं. पण समोर प्रत्येकाला आपलाच माणूस लाल वाटत असतो.

दोन हात, दहा कामं

एका हातानं शीर शोधायची, दुसऱ्यानं नातेवाइकाला आवरायचं. अपघात, मारामारी, विषप्राशन असलं की ती मेडिको-लीगल केस, म्हणजे 'एमएलसी'. रक्तानं भिजलेले कपडे जपून ठेवायचे, अंगावरचे दागिने मोजून नोंदवायचे. पण पोलिसांसाठी उपचार थांबत नाहीत. तसं करता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावलंय.

पहाटे तीनच्या सुमारास एक पेशंट गेला. रेल्वे अपघात. बातमी डॉक्टरांनी सांगितली. त्याआधी ज्युनिअर सिस्टरनी नळ्या काढल्या, चेहरा ओल्या कापडानं पुसला, केस सारखे केले. "आईला असा दिसायला नको," एवढंच बोलली. दोन मिनिटांत ती पुढच्या पेशंटचं बीपी बघत होती. मी नंतर विचारलं, मग रडता कधी? "सकाळी लोकलमध्ये. खिडकी मिळाली तर."

राग निघतो कुणावर?

डॉक्टर आत असतात, अधीक्षक घरी असतात. नातेवाइकांच्या हाताशी असते ती नर्स. डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड, असा कायदा महाराष्ट्रानं 2010 मध्ये केला. पण रात्री दोन वाजता कायदा दारात उभा नसतो.

आणि धोका बाहेरूनच येतो असंही नाही. केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर 1973 मध्ये ड्युटीनंतर कपडे बदलताना हल्ला केला तो हॉस्पिटलमधल्याच सफाई कामगारानं. पुढची 42 वर्षं, 2015 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, केईएमच्या नर्सेसनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची सेवा केली. 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या शिकाऊ डॉक्टरच्या हत्येनंतर देशभर मागणी झाली ती पुन्हा तीच: सुरक्षित ड्युटी रूम, नीट दिवे, दारावर माणूस. कपडे बदलायला आणि घटकाभर पाठ टेकायला कडी असलेली एक खोली. फार मोठं काही मागतंय का कुणी?

तुमच्यावर वेळ आली तर...

* त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, ते आधी सांगा. लकव्याच्या पेशंटला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, तर साधारण साडेचार तासांच्या आत.
* रोजच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स सोबत न्या. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर विचारायची वाट बघू नका.
* कुणी विष किंवा गोळ्या घेतल्या असतील तर बाटली, पाकीट घेऊन जा. लाजेपोटी लपवू नका.
* ॲम्ब्युलन्ससाठी 108. मोफत आहे.
* पेशंटजवळ एकानंच थांबा. बाकीच्यांनी केसपेपर आणि पाणी बघावं.
* थांबायला सांगितलं तर थांबा, पण पेशंटवर लक्ष ठेवा. "सिस्टर, हे मघापेक्षा गप्प झालेत," एवढं एक वाक्य त्यांना लगेच उठवतं. त्यासाठी ओरडावं लागत नाही.