फाट्यापर्यंत चालायचंय

नसरापूरहून वेल्ह्याकडे निघालं की मार्गासनीत रस्त्याला फाटा फुटतो. एक वाट विंझरवरून वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी जाते. दुसरी साखरवरून गुंजवण्याला, राजगडाखाली. शनिवार-रविवारी पाठीवर सॅक लावलेली पोरं इथून गडाकडे वळतात. गावातली कमावती पोरं मात्र पुण्या-मुंबईला, आणि आईवडील गावी, हे गुंजण मावळात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

अशाच एका घरातली आज्जी डोळ्यांसमोर आणा. वय ७८. पावसाळ्यात ओल्या अंगणात पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन पार पडलं. पण घरी करणारं कुणी नाही, म्हणून मुलाने पुण्यातल्या एका शुश्रूषा केंद्रात दोन महिन्यांसाठी ठेवलं. दाखल होताना फाइल भरते: बीपी, साखर, गोळ्या, मागची ऑपरेशनं, पैसे कोण भरणार. आज्जींना स्वतःला काय हवंय, याला फाइलमध्ये बहुतेकदा रकानाच नसतो. असला तर त्यात ‘चालणे वाढवणे’ एवढंच लिहून मोकळे होतात. किती वाढवणे, कधीपर्यंत, कुणाच्या आधाराने, कशासाठी?

वेळ घालवून चालत नाही, याचं कारण स्नायूंत आहे. अमेरिकेत धडधाकट वृद्धांना मुद्दाम दहा दिवस अंथरुणावर ठेवून मोजमाप झालं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार एवढ्या अवधीत पायांचं, चरबी वगळून, जवळजवळ एक किलो मांस झडलं. हे आजार नसलेल्या माणसांचं. ऑपरेशन झालेल्या बाईचं काय होत असेल! पंधरा दिवस ‘आराम करू द्या त्यांना’ म्हणणारे नातेवाईक प्रेमापोटीच बोलतात, पण त्या आरामात पाय जातात.

‘चालणे वाढवणे’ यापेक्षा नेमकं कसं लिहायचं, याची एक सुबक रीत थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन या दोघांनी १९६८ मध्ये मांडली. ती होती मानसिक आरोग्य केंद्रांसाठी. पुढे वृद्धसेवेनेही उचलली. प्रत्येक उद्दिष्टाला पाच पायऱ्या: उणे दोन, उणे एक, शून्य, अधिक एक, अधिक दोन. शून्य म्हणजे नापास नव्हे, ठरल्याप्रमाणे झालं. आपल्या आज्जींना फिजिओने विचारलं आणि त्या म्हणाल्या, ‘‘मला फाट्यापोतर चालत जायचंय, येष्टी बघायला,’’ तर सहा आठवड्यांचा कागद असा होईल. आजची स्थिती उणे दोन: पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात. उणे एक: एका मावशींच्या आधाराने, वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत. शून्य: वॉकर घेऊन एकट्याने व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत. अधिक एक: काठीवर, कठडा धरून चार पायऱ्या. अधिक दोन: गावी जाऊन, सोबतीला नातू, फाट्यापर्यंत. अशी तीन-चार उद्दिष्टं एका सूत्रात घालून गुण काढतात. सगळी शून्यावर आली तर ५० भरतात. वेगवेगळ्या माणसांची इतकी वेगळी स्वप्नं एकाच मापाने मोजता यावीत, ही मला त्यातली खरी करामत वाटते.

इथवर यायच्या आधी एका बाईने मोठी वाट मोकळी केली होती. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ मध्ये शेजारच्या, गरिबांसाठीच्या इस्पितळातले ७१४ रुग्ण आले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं पडून, कुणी धड तपासलेलेही नाहीत. डॉ. मार्जरी वॉरन यांनी एकेकाला तपासलं, कोण उठू शकेल, कोण घरी जाऊ शकेल याची वर्गवारी केली, लोकांना पलंगावरून उठवलं. दीर्घकाळ पडून असलेल्यांच्या खाटा २४० वर आल्या. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राचा पाया त्यात घातला गेला.

पण सुधारणा शक्यच नसेल तर? याचं उत्तर मुंबईत आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी के.ई.एम.मधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळपास ४२ वर्षं त्यांना के.ई.एम.च्या परिचारिकांनी सांभाळलं. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, काम थांबलं नाही. दयामरणाच्या अर्जाची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात झाली तेव्हा तीन डॉक्टरांनी त्यांना तपासलं. इतक्या वर्षांत त्यांना पडून राहिल्याच्या जखमा झालेल्या नव्हत्या, हे त्या खटल्यात नोंदलं गेलं.

याचं मोल कळायला जखम कशी होते ते पाहावं. माकडहाड, खुबा, टाच इथे हाड आणि गादी यांच्यात कातडी चेपते, रक्त पोचत नाही. आधी नुसती लाली दिसते. बोटाने दाबूनही ती पांढरी पडली नाही की समजावं, सुरुवात झाली. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची ही रूढ शिस्त, दिवसरात्र मिळून १२ वेळा. चाळीस वर्षं धरली तर पावणेदोन लाखांच्या घरात. घरची आई महिनाभर सांभाळणाऱ्यालाही त्या आकड्याने धाप लागेल. ‘जखम होऊ द्यायची नाही’ हेही उद्दिष्टच आहे, आणि ‘जमेल तोवर तोंडानेच भरवायचं’ हेही. अरुणाताईंना मासे आवडतात, हे त्या वॉर्डात ठाऊक होतं.

अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानंतर शुश्रूषागृहांना अशी उद्दिष्टं लेखी मांडावी लागतात: दाखल झाल्यापासून १४ दिवसांत सर्वांगीण तपासणी, त्यानंतर सात दिवसांत योजना, दर तीन महिन्यांनी फेरतपासणी. कागदी घोडे तिथेही नाचतात. आपल्याकडचा २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रम असावा असं सांगतो आणि सेवांचा दर्जा राज्यांवर सोपवतो. माणसागणिक लेखी योजनेची अट त्यात नाही. त्यामुळे मुलाने किंवा मुलीने दाखल करतानाच मागून घ्यावी हे बरं. आणि चर्चेला रात्रपाळीच्या मावशींनाही बसवावं. आज्जी पहाटे साडेचारला उठून चहा मागतात, हे त्यांनाच माहीत असतं.

नसरापूर फाट्यावरून महामार्गाने पुण्याकडे आलं की वारजे लागतं. तिथे १९९७ पासून सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र कर्करुग्णांना मोफत सांभाळतं. अशा ठिकाणी पायऱ्या वेगळ्या मापाच्या होतात: दहापैकी नऊ असलेली वेदना तीनवर आणायची, सलग चार तास झोप लागू द्यायची, मुलीशी बोलताना गुंगी नको. व्हरांड्याचं टोक इथे कुणी मोजत नाही.

आणि बोलणंच बंद झालं तर काय, हेही आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. व्हेंटिलेटर नको, नळीने भरवणं नको, आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा, हे सारं त्यात येतं. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. त्या राज्यातलं ते पहिलं.